मा. स्टॉपवॉच साहेबांना सविनय पत्र

प्रति,
मा. स्टॉपवॉच साहेब,
मुक्काम पी.टी. सरांचा गळा,
बोईसर, जि. पालघर

विषय : ६०० मीटरच्या चाचणीत आपण पाळलेल्या समानतेबद्दल आभार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून लिहिण्यास आनंद होतो की, सगळ्यांना एकाच मापानं मोजणारे आमच्या जिल्ह्यात तुम्ही एकटेच. रेशनला कार्ड लागतं, जातीच्या दाखल्याला तहसील कचेरीच्या खेपा लागतात, बोईसरहून सकाळची लोकल पकडायला तर अंगात ताकदच लागते. तुम्ही कुणाला काही विचारत नाही. अंगठ्यानं बटण दाबलं की सुटलात.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ सुरू झालं आणि शाळेतल्या मुलांचे आकडे ‘खेलो इंडिया’च्या अ‍ॅपवर चढवायची पद्धत आली. चौथीपासून पुढे वजन-उंची, ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, जोर वगैरे. कल्पना चांगलीच आहे. मोबाइलमध्ये मान घातलेली पोरं त्या निमित्तानं मैदानावर येतात, यावर आमची तक्रार नाही. आमचं म्हणणं फक्त तुमच्याबद्दल आहे.

कागदावर ६०० मीटर म्हणजे ४०० मीटरचा ट्रॅक आणि वर अर्धी फेरी. आमच्याकडे बऱ्याच शाळांत मैदान म्हणजे इमारत, सायकली आणि पाण्याची टाकी यांतून उरलेली जागा. समजा, सरांनी दोरीनं मापून पन्नास मीटर घेराचा चौकोन आखला, फक्की टाकली. झाल्या बारा फेऱ्या आणि पन्नासेक काटकोनी वळणं. प्रत्येक वळणावर पोरगं थांबल्यासारखं होतं, पाय सरकतो, पुन्हा वेग धरायचा. पाचव्या फेरीला पुढचे मागच्यांना गाठतात आणि मग हिशेबाचं काम मुलंच करतात : “सर, याची एक कमी आहे!” “नाय सर, मी दोनदा गेलो!” वर्गात साठ जण, सर एक, तुम्ही एक. शेवटच्या तुकडीची वेळ बहुधा अंदाजपंचे पडते. तरी तीही सेकंदात लिहिली जाते, हे तुमच्या शिस्तीला शोभूनच आहे.

तुमचे निकष वयानुसार आहेत. इथे तर आम्ही तुम्हाला अगदी सोपं करून ठेवलंय. आमच्या पाड्यांवरच्या कित्येक मुलांचा जन्म १ जूनला झालेला आहे. एकाच दिवशी, सरसकट. दाखल्याच्या वेळी गुरुजींनी मुलाकडे बघितलं, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहिलं आणि तारीख टाकली. आता त्या तारखेवरून मुलगा बारा वर्षांचा की तेरा, हे अ‍ॅप ठरवणार आणि तेवढ्यानं त्याचा दर्जा बदलणार. जन्मतारीख खरी असली तरी काय? मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढतात, मुलगे त्यानंतर दोनेक वर्षांनी. आठवीच्या एकाच बाकावर एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. दोघांना एकच सेकंद!

हवेचं तर विचारूच नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात आमच्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले. देशात पहिला नंबर. एवढे गुण आमच्या पोरांना दहावीत पडत नाहीत. एमआयडीसीच्या बाजूला एखाद्या सकाळी “गॅस सोडलाय” म्हणत बाया खिडक्या लावून घेतात. त्याच सकाळी पोरांनी मात्र तोंड उघडं टाकून बारा फेऱ्या मारायच्या. तुमच्या नोंदीत हवेसाठी रकाना नाही, चपलेसाठी नाही, सकाळी पोटात काय गेलं त्यासाठीही नाही. मोखाड्या-जव्हारकडच्या आश्रमशाळेत शेवटचा रकाना सर्वांत आधी हवा होता.

बरं, या चाचणीचं पूर्ण नाव तुम्हाला ठाऊक असेलच : ६०० मीटर धावणे/चालणे. चालायला परवानगी आहे. छापील आहे. पण कुठल्याही मैदानावर जाऊन उभे राहा, ऐकू काय येतं? “ए, चालतोयस काय, पळ!” पहिल्या फेरीत जीव तोडून पळालेलं, चौथ्या फेरीला कुशीत कळ येऊन कंबर धरून उभं राहिलेलं पोरगं बघा. बेतानं पळायचं, दम लागला की थोडं चालायचं, पुन्हा पळायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वर्षभर पी.टी.चा तास गणिताला द्यायचा आणि एक दिवस पोराला धावायला लावून त्याचा दम मोजायचा, याला परीक्षा म्हणत नाहीत.

मापाचं मूळही जरा बघू. अमेरिकेनं १९५८ मध्ये आपल्या शाळांसाठी ६०० यार्ड धावण्या-चालण्याची चाचणी काढली. पुढे तिथे शंभरांतल्या वरच्या पंधरांना राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं बक्षीस देत. उरलेल्या पंच्याऐंशींना दरवर्षी एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे आपण त्या पंधरांत नाही. २०१२ च्या सुमारास त्यांनी ते बंद केलं आणि दुसरा प्रश्न विचारायला घेतला : या मुलाची तब्येत ठीक राहायला जेवढा दम लागतो, तेवढा त्याच्यात आहे का? शेजारचा किती पळाला, याला त्यात किंमत नाही. २०२५ च्या जुलैत तिथे जुनी चाचणी परत आणायचा हुकूम निघाला, म्हणजे शहाणपण टिकतंच असं नाही. आमच्या अ‍ॅपमध्येही मुलाची पायरी ठरते ती इतरांच्या तुलनेत. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या मुलाला सल्ला मिळतो : आणखी मेहनत कर. उन्हाळ्यात हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या मोखाड्याच्या मुलीला तो अवश्य वाचून दाखवावा. आमच्या वतीनं, तुम्हीच.

तुमचं खरं घर कुठे, तेही आम्हाला माहीत आहे. पोलीस भरतीत १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले की वीसपैकी वीस गुण. त्यासाठी आमची पोरं पहाटे अंधारात हायवेच्या कडेनं धावतात. तिथे जागा थोड्या, पोरं हजारो. म्हणून गाळायचंच असतं, आणि त्या कामाला तुमच्यासारखा दुसरा नाही. शाळेत कुणाला गाळायचंय?

आता कुणीतरी उठून कविता राऊतचं नाव घेईल. प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या भाषणात घेतात. मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही पोरगी अनवाणी धावली आणि २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली. खरंच आहे, ऊर भरून येतो. पण नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक तिला मिळाले, हे भाषणात का येत नाही? तिच्या नावानं बाकीच्या पोरांना टोमणे मारणं आधी बंद करा.

तरी साहेब, तुम्हाला सेवानिवृत्त करा असं आमचं मागणं नाही. आमची विनंती मुख्याध्यापकांना आणि पी.टी.च्या सरांना आहे. चाचणी जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा घ्या, त्याच मैदानावर, तेवढ्याच फेऱ्यांची. मधले महिने धावायला आणि बेतानं चालायला शिकवा. वहीत मुलाच्या नावापुढे दोनच आकडे लिहा, त्याचा आधीचा आणि आताचा, आणि वर्गापुढे मोठ्यानं वाचू नका. ज्या सकाळी गॅसचा वास असेल त्या सकाळी मुलांना वर्गात ठेवा. दम्याच्या पोराच्या आईला आधी विचारा. याला ना निधी लागतो ना जीआर.

आपला नम्र,
एक पालक, बोईसर