तर्रीचे चार तास

यवतमाळ जिल्ह्यात पंगतीला बसलेल्या माणसाला डॉक्टरांची आठवण करून दिली, की ठरलेलं उत्तर येतं: “एका दिवसानं काय होते बाप्पा?” उत्तर पुरं होईपर्यंत पुढचा रोडगा तुपात बुडालेला असतो. प्रश्न मात्र फार चांगला आहे, आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टर रॉबर्ट व्होगेल आणि मंडळींनी तो पंगतीत बसणाऱ्यांपेक्षा अधिक गांभीर्यानं घेतला. १९९७ साली त्यांनी १० धडधाकट माणसांना ९०० कॅलरींची, ५० ग्रॅम चरबीची न्याहारी दिली. वेगळ्या दिवशी तितक्याच कॅलरींची, पण बिनचरबीची. मग तासातासाला दंडातली धमनी तपासली. हातावर पट्टा ५ मिनिटं आवळून सोडला, की अडलेलं रक्त लोंढ्यानं येतं आणि चांगली धमनी त्याला वाट द्यायला रुंदावते. ती किती रुंदावली, हे सोनोग्राफीवर मोजायचं. उपाशीपोटी ती २१ टक्के रुंदावत होती. चरबीच्या न्याहारीनंतर २ ते ४ तासांत हा आकडा ११च्या आसपास घसरला. बिनचरबीच्या न्याहारीनं तो हलला नाही. शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळांचं ब्रॉडगेज होण्याची वाट पाहण्यात ज्या जिल्ह्याची वर्षं गेली, त्याला रुंदीकरण रखडणं म्हणजे काय, हे निराळं सांगायला नको.

धमनीला रुंदावण्याचा हुकूम एक वायू देतो. पंगत उठल्यावर ज्या वायूची चर्चा होते, तो हा नव्हे. हा नायट्रिक ऑक्साईड, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तयार होणारा. त्याची कामगिरी उलगडणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं. (पहिल्या वायूनं एवढ्या वर्षांत कुणाला साधं प्रशस्तिपत्रकही मिळवून दिलेलं नाही.) जेवणातली चरबी आतड्यातून बारीक थेंबांच्या रूपानं रक्तात उतरते, इतकी की रक्तातला एरवी नितळ असणारा भाग दुधाळ दिसू लागतो. रश्श्यावरची तर्री तीन-चार तासांनी फक्त पत्ता बदलते, म्हणा ना. या गर्दीत ऑक्सिजनचे काही उपद्रवी रेणू माजतात आणि नायट्रिक ऑक्साईडचा फडशा पाडतात. हुकूम निघतो, पण तो धमनीच्या स्नायूपर्यंत धड पोचत नाही.

यावर पहिला आक्षेप तेलाच्या कुळाचा असतो: आमचं तेल घाण्याचं, तूप घरचं. व्होगेल यांनी २००० साली ऑलिव्ह तेल घेतलं, म्हणजे तेलांमधलं अगदी खानदानी स्थळ. तरीही धमनीचं रुंदावणं ३१ टक्क्यांनी घटलंच. सोबत व्हिनेगर आणि सॅलड दिलं तेव्हा मात्र ही घट बरीच कमी झाली. आपल्याकडे हे खातं कोशिंबिरीकडे असतं, आणि ती पानाच्या डाव्या अंगाला मिठाशेजारी चिमूटभर वाढतात, जणू तिला नुसतं साक्षीला बोलावलंय. दुसरा आक्षेप वजनदार आहे: १० माणसं म्हणजे अर्धी पंगतसुद्धा नव्हे. कबूल. चार तास धमनी आखडली म्हणजे झटका आला, असंही नाही. संध्याकाळपर्यंत ती झालं गेलं विसरते. तेव्हा “काय होते?” याला “होते, पण निस्तरते” हे प्रामाणिक उत्तर आहे. माझं भांडण “एका” या शब्दाशी आहे. हळदीचं जेवण, लग्नाची पंगत, पाहुण्यांसाठी सावजी आणि उरलेल्यांसाठी सकाळचे तर्रीपोहे, असा एक दिवस चार दिवस चालतो. धमनीनं पहिल्या गुन्ह्याची माफी द्यायच्या आत दुसरा दाखल.

मग आजोबा काढले जातात. “आमचा आजा वाटीभर तूप प्यायचा, नव्वदी गाठली त्यानं.” एक तर ज्यांनी नव्वदी गाठली त्यांचीच उदाहरणं सांगितली जातात; साठीत गेलेल्या आजाचं तूप कुणी मोजत नाही. दुसरं म्हणजे तो आजा जेवून कपाशीत डवऱ्यामागे चालायला जायचा, आणि चालण्याचा या हिशेबाशी संबंध आहे. २००६ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात तुपकट जेवणानंतर २ तासांनी लोकांना ४५ मिनिटं चालवलं, तेव्हा त्यांच्या धमन्या पुन्हा नीट रुंदावल्या. माणसं ८च होती, हेही सांगून टाकतो. म्हणजे शतपावलीची कल्पना बरोबर, आकडा तेवढा हुकलेला: मिनिटाला १०० पावलं धरली, तर साडेचार हजार होतात. एवढा वेळ आपण वामकुक्षीला देतो. अर्थात मे महिन्यात मांडवाबाहेर पारा ४५च्या घरात असताना दुपारी कुणाला चालायला धाडणं हा धमनीवरचा नव्हे, माणसावरचा अत्याचार ठरेल. ऊन कललं की निघता येईल. फक्त त्याच सुमाराला शेजारच्या मांडवात गोळाभातावर फोडणीचं तेल पडल्याचा चर्र आवाज येता कामा नये.