याला कोणी हात लावला होता?

गाडी दुरुस्तीला नेली की गाडीला काय झालंय हे आधी कुणी विचारत नाही. बॉनेट उघडलं जातं, समोरचा माणूस आत डोकावतो, जिभेने च्यक् करतो आणि म्हणतो, "याला कोणी हात लावला होता?" कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इस्त्रीच्या शर्टातला मुलगा हेच विचारतो आणि गॅरेजवाले मामाही हेच विचारतात. विचारताना चेहऱ्यावर जे दुःख असतं तेही दोघांचं एकाच मापाचं. मी दोन्हीकडे सारख्याच निरागसपणे "कुणीच नाही हो" असं सांगते. दोन घरं करून राहिलेल्या जुन्या काळच्या सरदाराला जी कसरत करावी लागत असेल, ती मी एका साध्या हॅचबॅकपायी करते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये या विषयावर दोन पक्ष आहेत. तळमजल्यावरचे काका शोरूमवाले. त्यांची गाडी जुनी झाली, वॉरंटी संपली, तरी ते तिला 'कंपनीतच' टाकतात आणि प्रत्येक बिल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवतात. गाडी विकताना 'फर्स्ट ओनर, कंपनी मेंटेन्ड' असं लिहिता येतं, हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. जुनी गाडी घेणारा माणूस टायरला लाथ मारून झाली की दुसरं सर्व्हिस हिस्टरीच विचारतो. दुसऱ्या पक्षाचे नेते तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ. त्यांचं म्हणणं, शोरूम ही गाडी विकत घ्यायची जागा आहे, दुरुस्त करायची नव्हे. हे दोघे पाण्याच्या टँकरवरूनही भांडतात, त्यामुळे गाडी हे निमित्त असावं असा माझा संशय आहे.

शोरूमला गाडी टाकायची म्हणजे आधी फोन, मग मेसेज, मग मेसेज मिळाला का हे विचारणारा फोन. तिथे एसी असतो, कॉफीचं मशीन असतं, आवाज बंद केलेला टीव्ही असतो आणि एक भली मोठी काच असते. त्या काचेतून वर्कशॉपमधल्या सगळ्या गाड्या दिसतात, फक्त आपली दिसत नाही. मग ॲडव्हायझर टॅबलेट घेऊन येतो, मला "गुड मॉर्निंग मॅम" म्हणतो आणि पुढचं सगळं माझ्या नवऱ्याला समजावून सांगतो. माझ्या नवऱ्याकडे लायसन्स नाही. तो इतिहास शिकवतो. पानिपतावर कोण कुठे उभं होतं हे त्याला पाठ आहे, पण क्लच डावीकडे असतो की उजवीकडे हे विचाराल तर तो संदर्भ तपासून सांगेन म्हणेल. "सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घेऊ या का?" या प्रश्नावर तो कपाळाला आठ्या घालून इतका गंभीर विचार करतो, की ॲडव्हायझरला वाटतं माणूस जाणकार दिसतो. मग तो म्हणतो, "घ्या करून." गाडी माझी, पैसे माझे, थ्रॉटल बॉडी माझी.

फ्री सर्व्हिसिंगमध्ये फ्री असते ती मजुरी. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर यांचे पैसे पडतात, आणि ते ठीकच आहे. ठीक नसते ती पुढची यादी. एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, इंधनात घालायची बाटली. यावर माझ्याकडे एक शस्त्र आहे. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जाडजूड पुस्तक असतं. आपल्याकडे ते पीयूसीचे कागद चुरगळू नयेत म्हणून वापरतात. त्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक तक्ता असतो, किती किलोमीटरला काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं याचा. मी तो तक्ता उघडून टॅबलेटच्या शेजारी ठेवला आणि म्हटलं, "यातलं जे यात आहे तेवढं करा." अर्धी यादी गळली. ॲडव्हायझर मुलगा हुशार होता, शांतपणे म्हणाला, "मॅम, हे नॉर्मल कंडिशनसाठी आहे. आपले रस्ते तुम्ही बघताच." पान उलटलं तर खरोखरच धुळीच्या आणि खडतर रस्त्यांसाठीचा वेगळा तक्ता होता. पुण्यातल्या रस्त्यांची बाजू घेऊन वाद घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एअर फिल्टर लवकर बदलला.

मामांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर पिंपळ आणि 'सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे खात्रीशीर केली जातील' अशी पाटी. आत दत्ताच्या तसबिरीला लाल झिरो बल्ब. तिथे बसायला गाडीची काढून ठेवलेली मागची सीट आहे. मामांना सगळे मामा म्हणतात, एक त्यांचा सख्खा भाचा सोडून. तो तिथेच काम करतो आणि त्यांना 'उस्ताद' म्हणतो.

स्पीडब्रेकरवर माझ्या गाडीतून आवाज यायला लागला, तेव्हा मला दोन्ही घरांतला फरक नीट कळला. शोरूममध्ये मी तो आवाज काढून दाखवला. मुलाने मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'आवाज येतो.' खडखड, खटखट, कुरकुर, करकर, घरघर, सगळं त्या दोन शब्दांत बसवलं. नंतर एस्टिमेट आलं त्यात पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर होते. आकडा बघून कारण नसताना माझाच आवाज बसला.

मामांकडे गेले तर त्यांनी उलटतपासणीच घेतली. खट का खटखट? दोन्ही चाकं एकदम चढली की एकच चढलं की? वळताना येतो का सरळ जाताना? सकाळी गार गाडीला जास्त का तापल्यावर? मग म्हणाले, "चला, फिरवून आणू." अर्थातच आवाज आला नाही. मेकॅनिक शेजारी बसला की गाडी अशी वागते, जणू आयुष्यात कधी खड्डा पाहिलेलाच नाही. तिसऱ्या स्पीडब्रेकरला मामा म्हणाले, "ताई, गपचूप चालवा. तिला वाटू द्या की मी उतरलो." चौथ्याला आली खट. मामांनी डोळे मिटले होते. "लिंक रॉड," ते म्हणाले. "शॉक चांगले आहेत." लिंक रॉड म्हणजे चाकाजवळची वीतभर दांडी, दोन टोकांना दोन गोटी. गोटी ढिली झाली की स्पीडब्रेकरवर वाजते. भाचा स्कूटरवरून नाना पेठेत गेला आणि दोन दांड्या घेऊन आला. शॉकच्या एस्टिमेटपुढे ती रक्कम म्हणजे चिल्लर.

याच मामांना मी लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकताना पाहिलंय. बेअरिंग कुठलं वाजतंय ते असं कळतं. ही विद्या फियाटच्या काळातली. माझ्या वडिलांकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी होती, आणि तेव्हा ही निवडच नव्हती. जो मेस्त्री जवळ तो आपला. कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट, कॉइल एवढ्या चार नावांत गाडीचे सगळे रोग मावत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप भिजली की वडील ती काढून बनियनला पुसत आणि आम्ही भावंडं मागून धक्का मारत असू. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ती सकाळी चावी फिरवली की सुरू व्हायची. आमच्या आळीतल्या मेस्त्रीने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला होता, "ही आमच्या पोटावर येणार."

ती नाही आली. आला तो कॉम्प्युटर. आता स्टीअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की गाडी स्वतःच आपला रोग सांगते, आकड्यात. मामांचा इथे नाइलाज होतो. भाच्याने बाजारातून एक छोटा ब्लूटूथवाला स्कॅनर आणलाय, तो मोबाइलवर आकडा दाखवतो. पण एअरबॅग, एबीएस, इमोबिलायझरची चावी, यात त्याचं काही चालत नाही. एकदा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर मामा सहज म्हणाले, "दिवाच त्रास देतोय ना? काढून टाकू." मी नम्रपणे गाडी बाहेर काढली आणि शोरूमला नेली. ब्रेकची इलेक्ट्रॉनिक भानगड, एअरबॅग, अपघातानंतरचं कॅशलेस काम आणि कंपनी स्वतःच चूक मान्य करून फुकट बदलून देते ते भाग, एवढ्यासाठी मी काकांच्या पक्षात आहे. यात मामांशी भावनिक होऊन चालत नाही.

पण कॉम्प्युटर आकडा सांगतो, कारण सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. शोरूममध्ये आकडा आला पी0171. अर्थ असा की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. उपाय म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायचा आणि इंजेक्टर साफ करायचे, असं ठरलं. मी "सरांना विचारून सांगते" म्हणून निघाले. सरांचा एवढा एक उपयोग आहे. मामांकडे भाच्याच्या मोबाइलवर तोच आकडा आला. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, भाच्याने वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे कुठून तरी एअर घेतंय." मग इंजिन चालू ठेवून ते एकेक रबरी पाइप बोटाने चाचपत गेले. एका पाइपपाशी थांबले, बोट दाबलं आणि इंजिनाचा सूर बदलला. पाइपला उंदराच्या दातांची सुबक नक्षी होती. बाजूच्या दोन वायरीही त्याने चाखून बघितल्या होत्या.

पाइप बदलला, वायरींना डाग देऊन वर टेप गुंडाळली, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं पुडीत बांधून ठेवली. पुण्यात निम्म्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये तंबाखू सापडेल. उंदीर त्याने पळतात का सवय लागून परत येतात, याबद्दल मामांचंही मत पक्कं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. सर्व्हिसिंगची तारीख आली आणि शोरूममधल्या मुलाला ती टेप दिसली. च्यक्. "मॅम, याला कोणी हात लावला होता? वायरिंग बाहेर केलंय तुम्ही. वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो."

या वाक्याला घाबरायचं कारण नाही, हे मला माझ्या वकील मैत्रिणीमुळे माहीत होतं. 25 ऑगस्ट 2014ला भारतीय स्पर्धा आयोगाने एकदम 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा आक्षेप होता. शिवाय, बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या कामामुळे जे बिघडलं असेल तेवढ्यापुरती करा, असंही बजावलं होतं. कंपन्या अर्थातच पुढे अपिलात गेल्या. मी त्या मुलाला हे सगळं तारखेसकट सांगितलं. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर आहे सर." नवऱ्याने विजयी चेहऱ्याने कॉफी संपवली.

ही बातमी मी मामांनाही दिली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अडीच हजार कोटी? त्यातलं गॅरेजवाल्यांना किती?"

मामांकडचे व्यवहार साधे आहेत असंही कुणी समजू नये. बिल नसतं. "किती झाले?" म्हटलं की मामा शेडच्या पत्र्याकडे बघतात, तिथे काहीतरी वाचतात आणि आकडा सांगतात. त्यांचं "द्या काय द्यायचं ते" हे माझ्या अनुभवातलं सर्वांत महाग वाक्य. काढलेला जुना भाग ते प्रामाणिकपणे हातात ठेवतात, पण तो माझ्याच गाडीतला आहे हे मी कशावरून ओळखणार? सगळे तेलकट आणि काळे. "कंपनीचा टाकू का साधा?" या प्रश्नाचंही तसंच. एक कंपनीच्या खोक्यातला, एक तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला आणि जरा स्वस्त, आणि एक तिसरा, जो पहिल्याइतकाच अस्सल दिसतो, होलोग्रामसकट. मधला घ्यावा, एवढं मी शिकले. शिवाय मामांचं 'उद्या' हे दिवसाचं नाव नसून मनाची एक अवस्था आहे. शोरूमवाले निदान उशिराचा मेसेज करतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून गयावया करतात, "मॅम, दहापैकी दहा द्या प्लीज, नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात." मी देते. त्या मुलाचा काय दोष? त्याला थ्रॉटल बॉड्यांचं टार्गेट असतं.

तर इकडे कागदपत्रं आणि एअरबॅग, तिकडे आवाज आणि पाइप, असं माझं चाललंय. मामा शोरूमची पावती सीटवर दिसली की चहा विचारत नाहीत, म्हणून मी ती पर्समध्ये घालते.

परवा तळमजल्यावरच्या काकांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. गॅरेजवाले संपले, असं ते भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मामा माझी बंद पडलेली बॅटरी बदलायला आले होते. त्यांनी काकांना विनंती करून बॉनेट उघडायला लावलं. आत बराच वेळ बघितलं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग जाड नारिंगी वायरींकडे बोट दाखवून त्यांनी काकांना विचारलं, "उंदीर येतात का हो तुमच्या पार्किंगमध्ये?"

"येतात ना," भाऊ वरून म्हणाले.

मामांनी बॉनेट अलगद लावलं आणि काकांना आपला मोबाइल नंबर दिला.