तेव्हा इथं काहीच नव्हतं

पुणेकर असल्याचा दाखला महापालिका देत नाही. तो कोथरूडमधल्या एका बागेच्या कट्ट्यावर, सकाळी साडेसहाच्या सुमारास मिळतो. तोंडी परीक्षा असते आणि प्रश्न एकच : ‘‘पानशेतला कुठे होतात?’’

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. त्या दिवशी तुम्ही पुण्यात होतात, तर पास. तुम्ही पोटात आणि आई पर्वतीच्या पायऱ्यांवर, तर ग्रेस मार्कांवर पास. 1962 साली आलात? बसा, पण जरा कडेला. तुम्ही बाहेरचे.

आप्पा हे या परीक्षा मंडळाचे तहहयात अध्यक्ष. पुराच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा पाणी वाड्याच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. गेल्या वर्षी ते पहिल्या माडीवर आलं. यंदा कौलांवर. धरण एकदाच फुटलं. आठवण दर पावसाळ्यात फुटते.

पूर ओसरला की वाडा सुरू होतो. चौकातला हौद, प्राजक्ताचा सडा, भोंडल्याची खिरापत, दाराला कधी कुलूप नाही, एकाच्या घरी पाहुणा आला की पिठलं दुसऱ्याकडून. ऐकताना डोळे भरून येतात. माझेही येतात, कारण मीही अशाच वाड्यातला. फक्त एक शंका राहते. अकरा बिऱ्हाडं, माणसं पन्नास-पंचावन्न आणि संडास दोन. ते कुठे गेले? आठवणीतल्या एकाही वाड्याला संडास नाही. सकाळी डबा घेऊन उभी राहिलेली रांग नाही, ‘‘आवरा लवकर’’ची हाक नाही. जुन्या वाड्याचं इतकं नीटनेटकं रिमॉडेलिंग कुठल्या आर्किटेक्टला जमलं नसतं.

आणि ते टोपलीचे संडास असताना मागच्या बोळातून येऊन टोपली उचलून नेणारा माणूस? ‘तेव्हाचं पुणं काय छान होतं’ असं म्हणताना त्याला मी अजून ऐकलेलं नाही. पण तो कट्ट्यावर येत नाही. त्याला कोणी पानशेतही विचारलेलं नाही.

मग पुढचा विषय : वाडे पाडले कोणी? एकमुखी उत्तर, ‘‘बिल्डरांनी!’’ जणू बिल्डर मध्यरात्री कुदळ घेऊन आला होता. अहो, तो दिवसाढवळ्या पेढे घेऊन आला होता. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली. महिना पंधरा रुपये भाड्यात मालक कौलं शाकारेना, आणि मालकाची भिंत म्हणून भाडेकरू तिला चुना लावेना. जिन्यातल्या दिव्याचं बिल कोणी भरायचं, यावर दोन पिढ्या कोर्टात गेल्या. कधी कुलूप नसलेल्या त्या वाड्यात नळाच्या तोटीला मात्र कुलूप होतं. शेवटी भिंतच कंटाळून वाकली. बिल्डर आला तेव्हा मालक आणि भाडेकरू पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले. आमच्या वाड्याच्या कागदावर माझीही सही आहे. पेढा कंदी होता.

त्या पैशांत आम्ही कोथरूडला दोन बेडरूमचे फ्लॅट घेतले आणि बाल्कनीत उभं राहून पेठांसाठी उसासे टाकायला लागलो.

नावं तेवढी आम्ही जपली. लकडी पुलाला लाकूड नाही, नळ स्टॉपला नळ नाही. पण नाव बदलू म्हणा, आप्पा उपोषणाला बसतील. मेट्रोवाल्यांना हे बरोबर कळलं. त्यांनी स्टेशनाचं नाव नळ स्टॉपच ठेवलं. तरी आप्पांचं समाधान नाही. ‘‘या मेट्रोने शहराचं वाटोळं केलं,’’ असं ते मेट्रोत बसून वनाज ते डेक्कनपर्यंत सांगतात. एसी बरा लागला, हे उतरल्यावर.

1961 च्या खानेसुमारीत पुण्याची वस्ती सहा लाखांच्या घरात होती; 2011 साली ती 31 लाखांवर गेली. ‘‘ही जादाची माणसं आली कुठून?’’ आप्पा दर आठवड्याला विचारतात. त्यांचे स्वतःचे वडील मेहुणपुऱ्यात आले ते 1948 साली, रत्नागिरीहून. पण ते ‘आले’ नव्हते. ते ‘इथलेच’ झाले. येतात ते नंतरचे.

2021 साली आणखी 23 गावं महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, वाघोली इथली माणसं घरातून पाऊलही न हलवता पुणेकर झाली. कट्ट्याला ही घुसखोरी वाटली. पानशेतचा पेपर न देता सरकारी वशिल्याने प्रवेश!

परवा कट्ट्यावर नवीन उमेदवार आला. लातूरचा, कंप्युटरवाला, चाळिशीचा, सासऱ्यांना फिरवायला आणलेला. आप्पांनी नेहमीचा प्रश्न टाकला. पोरगा म्हणाला, ‘‘पानशेतला नव्हतो काका. पण 2009 साली बाणेरला आलो ना, तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती हिरवळ! आता बघवत नाही हो. कोण कुठली माणसं येऊन राहतायत!’’

कट्टा क्षणभर गप्प झाला. मग आप्पांनी सरकून त्याला मधोमध जागा दिली. पोरगा पहिल्या प्रयत्नात पास. या गावात जन्माने नाही, तक्रारीने रहिवासी होता येतं.

खुशीत येऊन आप्पांनी हात पसरले आणि त्याला सगळी बाग दाखवली. ‘‘बाणेरचं काय घेऊन बसलास! आम्ही राहायला आलो ना, तेव्हा हे सगळं मोकळं. दिवसा कोल्हे. इथं काहीच नव्हतं. अगदी काहीच!’’

कट्ट्याच्या टोकाला एक अण्णा बसतात. पांढरी टोपी, हातात काठी. पुराच्या आधीपासून पेठेतल्या वाड्यांना सायकलवरून दूध घालायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. आठ-दहा वर्षं येतात, कधी बोललेले नाहीत. कोणी काही विचारलेलंही नाही.

त्यांनी काठीचं टोक आप्पांच्या पायाखालच्या फरशीवर टेकवलं.

‘‘होतो की आम्ही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘हरभरा होता इथं.’’