आमचं गाणं

ओमानमधल्या इब्रीत चहासाठी गाडीतून उतरायचं नसतं. मल्याळ्याच्या टपरीसमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, की पोऱ्या कागदी कपात करक चहा घेऊन काचेशी हजर. परवा शेजारच्या गाडीत ‘दिल चीज तुझे देदी’ दणदणत होतं. मी लगेच कॉलर ताठ करून शेजारी बसलेल्या ओमानी सहकाऱ्याला म्हटलं, ‘बघ, आमचं गाणं!’

तो हसला. ‘सदीक, हे खालेदचं. आमचं आहे.’

बरोबर होतं त्याचं. चाल खालेदच्या ‘दिदी’ची, 1992 सालची. (आमच्याकडे तेव्हा निम्म्या लोकांना वाटायचं, बिचारा बहिणीला हाका मारतोय.) म्हटलं, मग अर्थ सांग. गडी घुटमळला. अल्जीरियाची बोली, म्हणे, अर्धीमुर्धीच कळते. खालेद ओरानचा. ओरानपेक्षा मुंबई इब्रीला कितीतरी जवळ. तरी गाणं ‘आमचं’! म्हणजे या बाबतीत आम्ही दोघेही सारखेच.

‘दिल चीज’ ज्या सिनेमातलं, त्या ‘एअरलिफ्ट’वाल्यांनी तर कहर केला. त्यांच्या कुवेतमधल्या पार्टीचं साल 1990. सद्दामचे रणगाडे अजून यायचेत, ‘दिदी’ यायला दोन वर्षं आहेत, आणि अक्षयकुमार तिच्या चालीवर नाचून मोकळा!

माझंही फार सोवळं नाही. ‘मर्डर’मधलं ‘कहो ना कहो’ मी वर्षानुवर्षं अनू मलिकच्या नावावर जमा धरलं होतं. इकडे आल्यावर इजिप्तच्या अम्र दियाबचं ‘तमल्ली मआक’ ऐकलं आणि पहिला विचार काय आला असेल? चोर लेकाचा, आपली चाल उचलली! ‘तमल्ली मआक’ 2000 चं, ‘मर्डर’ 2004 चा. आकडे कळल्यावर गप्प बसलो, एवढंच.

पण 2018 मध्ये ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ हिंदीत आलं तेव्हा आम्ही काय पेटलो होतो! बाटवलं, विकलं, वाट लावली. चाल अजय-अतुलचीच, आवाजही त्यांचेच. स्वतःचंच गाणं त्यांनी पुन्हा केलं होतं. पण ते आमचं ना, मग त्यांना विचारतो कोण? आणि आजही माझं मत तेच आहे. करमाळ्याकडच्या पोरांच्या तोंडची भाषा काढून घेतली, गाणं उदयपूरला नेलं, की उरतो तो ढोल. तो काय, लग्नात कुठलाही वाजतो.

हे सगळं मी सहकाऱ्याला तावातावाने ऐकवलं आणि म्हटलं, आता मूळ ऐक. ‘सैराट’, 2016. मोबाईल गाडीला जोडला, आवाज वाढवला. सहकारी मान डोलवायला लागला, बोटं स्टिअरिंगवर वाजायला लागली. माझी छाती फुगली.

तेवढ्यात पोऱ्या दुसरा चहा घेऊन आला. काचेतून आत डोकावून दात काढत म्हणाला, ‘साब, धडक?’

त्या दिवशी त्याला टिप मिळाली नाही.