हनुवटी जरा खाली

प्रत्येक मित्रमंडळात एक तरी प्रकाशपंडित असतो. नुसता कॅमेरा असतो तोवर तो निरुपद्रवी असतो. कोकणात जाऊन समुद्र काढतो, सिंहगडावर ढग काढतो. मग तो दिवे विकत घेतो. समुद्राला काही स्टुलावर बसवता येत नाही, म्हणून मित्रांना बोलावतो.

"रविवारी ये रे, दोन पोर्ट्रेट काढू," असं तो 'चहाला ये'च्या सुरात म्हणतो. आपण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो. दार उघडताच तो आपल्याकडे नाही, आपल्या गालाकडे बघतो. सोफा भिंतीला सरकवलेला, टीव्हीवर काळी चादर, पंखा बंद, कारण वाऱ्यानं दिव्याची छत्री हलते. वहिनी पोरांना घेऊन माहेरी. त्यांना अनुभव आहे.

सुरुवात रेम्ब्रांटपासून. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं नाव लावलेली ही पद्धत: दिवा बाजूला साधारण 45 अंशांवर, डोळ्यांच्या बराच वर. मग नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक त्रिकोण उरतो. त्रिकोण डोळ्याहून रुंद नको, नाकाहून लांब नको. माझं नाक बसकं. त्याची सावली निघते उत्साहात, पण दादरची गाडी कुर्ल्यालाच रद्द व्हावी तशी वाटेतच संपते. "मान डावीकडे. इतकी नको. हनुवटी जरा खाली. श्वास सोडू नकोस." दिवा वर जातो, स्टूल मागे सरकतं. शेवटी तो डॉक्टरी गांभीर्यानं म्हणतो, "लेका, नाक कमी पडतंय." नकट्याच्या फोटोला सतराशे विघ्नं!

मग चष्मा. दोन्ही काचांत दिव्यावरच्या सॉफ्टबॉक्सचे पांढरे चौकोन. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे शाळेत झालेलं प्रकरण तो मला नव्यानं शिकवतो आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलून ठेवतो, म्हणजे काचा खाली कलतात. त्या तशा तरंगत्या ठेवून मी 'सहज' बसायचं. दिवा जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ. म्हणून सॉफ्टबॉक्स माझ्या कानाशी येतो. तरी समाधान नाही, वर बटर पेपर चिकटतो. दुसऱ्या गालावर उजेड परतवायला थर्मोकोलची पाटी लागते आणि ती धरायला माणूस नसतो. "धर जरा," तो मलाच म्हणतो.

चेहरा आखडला की छायाचित्रकार युसुफ कार्शची गोष्ट येते. 1941 साली ओटावात कार्शनं चर्चिलच्या तोंडातली सिगार सरळ काढून घेतली, आणि त्या क्षणीचा फुरंगटलेला चेहरा जगभर गाजला. गोष्ट सांगता सांगता हा माझ्या हातातला चहा काढून घेतो. मी फुरंगटतो, पण फ्लॅश पडत नाही, ट्रिगरचे सेल संपलेले असतात. कार्शनं दिवे आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते, एवढा भाग मात्र तो गोष्टीतून गाळतो.

शास्त्र सगळं खरं आहे, बरं का. त्याचं चुकत काहीच नाही, फक्त संपत नाही. आणि फोटो? ते 'एडिटिंगला' आहेत. दिवाळी झाली, गुढीपाडवा झाला, माझ्या डीपीवर अजून कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्याचा खांदा आलेला फोटो आहे.

मध्यंतरी पासपोर्ट साइज फोटो हवे होते. नाक्यावरच्या फोटोवाल्यानं दोन्ही बाजूंनी दोन छत्र्या उडवल्या, "झालं" म्हणाला आणि चहा संपायच्या आत आठ प्रती पाकिटात घालून दिल्या. बाहेर पडतो तोच हा भेटला. फोटो उन्हात धरून त्यानं बारकाईनं पाहिला. "फ्लॅट," म्हणाला.

मग त्याची नजर माझ्यासोबतच्या मेहुण्यावर गेली. मेहुण्याचं नाक सरळ, धारदार, चांगलं लांब. मला बाजूला घेत त्यानं हलकेच विचारलं, "हे रविवारी मोकळे असतात का रे?"