किती वाजता चावला?

पावसच्या एका आंबाबागेत, मे महिन्यात, गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना राखणदाराला विंचू चावला. तांबडा, बोटाएवढा. अंगठ्याला.

माणसं जमली. निम्मी म्हणाली, उतरवणाऱ्याला बोलवा. उरलेल्यांनी कांदा, चुना, हळद सुचवली. सगळ्यांचे डोळे अंगठ्यावर.

तो घामाने निथळत होता. पण मे महिन्यात कोकणात घाम कोणाला येत नाही? दोनदा ओकला. उन्हाचं असेल, असं ठरलं. मग एका म्हातारीने त्याच्या तळपायाला हात लावला आणि ओरडली, "अरे, पाय बघा याचे! बर्फ झालेत!"

भर मे महिन्यात गार पाय. माणसं अंगठ्यावर फुंकर घालत होती आणि विष छातीकडे निघालं होतं.

हे गार पाय ओळखायला आपल्याला शिकवलं ते कोकणातच काम केलेल्या एका सरकारी डॉक्टरने. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली धडधाकट माणसं दारात यायची आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी भरून जायची. पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी खाटेशेजारी बसून लिहायला घेतलं : उलटी, घाम, गार हातपाय, नाडी, रक्तदाब. धोक्याची ही आगाऊ लक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

लंडनच्या त्या नियतकालिकाला बिरवाडी कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. नोंद पक्की होती, तेवढं पुरलं.

नोंदीतून कारणही उलगडत गेलं. लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. त्या दाबापुढे हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. बावस्करांनी प्राझोसिन वापरून पाहिली. रक्तदाबाची साधी गोळी, आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी. १९८६ मध्ये तीही 'लॅन्सेट'मध्ये आली. पूर्वी गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के दगावायचे, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

मग वाद मिटला? मुळीच नाही. तिथूनच पेटला.

डॉ. राधाकृष्ण मूर्ती म्हणाले, इन्सुलिन द्या. आपल्याच चिपळूण भागातून डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी विंचवाच्या विषावरच्या प्रतिविषाची बाजू मांडली, आणि २०१० मध्ये ते प्राझोसिनपेक्षा सरस ठरतं असं लिहिलं. तिकडे ट्युनिशियात १९९९ मध्येच ८२५ रुग्णांवर चाचणी झाली होती. निष्कर्ष : प्रतिविष सरसकट देऊन फायदा नाही. अमेरिकेत ॲरिझोनात २००९ मध्ये पंधराच मुलं होती, पण अत्यवस्थ. प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांपैकी एक.

मग खरं कोण? ट्युनिशियाही आणि ॲरिझोनाही. विंचू वेगळा, रुग्ण वेगळे. ट्युनिशियात आलेले बरेचसे सौम्य होते आणि सौम्य रुग्ण नाहीतरी बरा होतोच. कोणाला द्यायचं, हा प्रश्न विचारल्याशिवाय 'द्यायचं की नाही' याला उत्तर नाही.

आता खरी गोष्ट. प्राझोसिनने बावस्करांचं नाव जगभर गेलं होतं. दुसरा कोणी असता तर त्या गोळीवर उभा राहून आयुष्यभर हार घेत बसला असता. त्यांनी काय केलं? त्याच गोळीची परीक्षा लावली. महाडला सत्तर रुग्ण, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. पस्तिसांना नुसती प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत जोडउपचाराचे बत्तीस पूर्ण बरे. नुसत्या गोळीचे आठ.

स्वतःची गोळी एकटी अपुरी पडते, हे त्यांनी स्वतः २०११ मध्ये 'बीएमजे'त छापलं.

यावरही आक्षेप घेता येतो : कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, मग बरं वाटण्याचा निवाडा निष्पक्ष कसा? रास्त आहे. म्हणूनच 'ओपन लेबल' हे शब्द निबंधाच्या मथळ्यातच आहेत. आपली कच्ची बाजू मथळ्यात छापणारा दुसरा धंदा दाखवा.

आणि आपण काय म्हणतो? "डॉक्टरांचंच एकमत नाही, आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?"

मंत्र घालणाऱ्याचा कोणाशी वाद होत नाही, हे खरं. त्याच्याकडे मेलेल्यांची यादी नसते.

वाचलेल्यांची मात्र असते, आणि ती खोटीही नसते. मोठा काळा विंचू चावला की माणूस गडाबडा लोळतो, पण सहसा मरत नाही. लाल विंचवाचेही सगळे दंश जिवावर बेतत नाहीत. मंत्र घाला, चुना लावा, काही करू नका, दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागतो. श्रेय ज्याने हात फिरवला त्याला. म्हणून तर दोन गट करून मोजावं लागतं. त्यात वेदना जास्त म्हणजे धोका जास्त, असंही नाही. ठणका थांबला आणि पाय गार पडले, तर उतरलं काय?

शहरातल्या शिकलेल्यांनी फार मान डोलावू नये. कोविडमधला प्लाझ्मा आठवा. आपल्या आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला : प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू घटले. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा गेला मे २०२१ मध्ये. मधले सात महिने माणसं कसली पळत होती? दुसऱ्या लाटेत, रात्री दोन वाजता, रक्तगट जुळणारा बरा झालेला माणूस शोधत, हातापाया पडत. उत्तर देशातच, छापील, पडून होतं. त्या पळणाऱ्यांना ते कोणी सांगितलं नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

संशोधन म्हणजे परदेशातली काचेची इमारत, असं आपल्या डोक्यात कोणी भरवलं? लाल विंचू त्या इमारतीत नाही. तो जांभ्याच्या चिऱ्याखाली आहे, पातेऱ्यात आहे, मांगरातल्या लाकडांत आहे. दोडामार्गचा माकडताप तिथल्याच काजूच्या बागांत शिरला. आजार जिथे, अभ्यास तिथे.

आज आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला आपण काय विचारतो? औषध आहे का, दाखला मिळेल का, साहेब कधी येणार. "डॉक्टर, तुम्हाला आमच्या गावात काय काय दिसतंय?" हे शेवटचं कोणी विचारलं होतं?

राखणदार वाचला. म्हातारी ओरडल्यावर पाच मिनिटांत आम्ही चौघांनी त्याला रिक्षात घातलं आणि रत्नागिरी गाठली. डॉक्टरांनी पायाला हात लावला, छातीला नळी लावली आणि कागद पुढे ओढला. "किती वाजता चावला?"

आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. कांदा कोणी आणला, चुना कोणी लावला, सगळं ठाऊक होतं. वेळ कोणी बघितली नव्हती. रिक्षावाला दारातून म्हणाला, "मी स्टॉपवर होतो, पूर्णगडची एसटी नुकतीच गेली होती नि विंचू चावला म्हणून पहिली ओरड ऐकू आली."

"ती कितीची?"

"साडेसातची. आज दहा मिन्टं लेट."

डॉक्टरांनी लिहिलं : सकाळी ७.४०.