वायर काढून पाहणारे भाऊ

आमच्या पतसंस्थेत भाऊंना 'काका' म्हणणारा माणूस एकच निघाला, आणि तो पुण्याहून आलेला होता. क्लाऊडच्या कामासाठी आलेला तो पोरगा पहिल्याच दिवशी हसतमुखाने म्हणाला, "काका, तुमच्याकडे सगळ्या ॲप्लिकेशन्सची लिस्ट असेल ना?"

भाऊंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "काका पुन्यात असतेत बाप्पा. इथी भाऊ म्हन. अन् लिस्ट कोनती देऊ? जे हाये त्याची, का साहेबाइले जे हाये असं वाटते त्याची?"

पोरगा हसला. त्याला वाटलं, भाऊंनी विनोद केला. पुढच्या सात महिन्यांत त्याला कळायचं होतं की भाऊ विनोद करत नाहीत, नोंद करतात.

भाऊंच्या खांद्याला कायम एक रेक्झिनची पिशवी, पिशवीत दोनशे पानी लाँगबुक आणि लाँगबुकात यादी. पुतणीच्या लग्नात 'कोण रुसेल' याची यादी त्यांनी मांडव पडायच्या आधी केली होती. त्यात सतरा नावं होती, आणि प्रत्यक्षात सोळाच रुसले तेव्हा ते अस्वस्थ झाले. अमरावतीहून अकोल्याला एसटीने जायचं तरी पानावर उभी रेघ मारून दोन रकाने पाडायचे: डावीकडे 'काय', उजवीकडे 'नाही झालं तर'. गाडी चुकली तर, मूर्तिजापूरला बंद पडली तर, शिदोरीतली ठेच्याची डबी उलटली तर. भाऊंचं आयुष्य उजव्या रकान्यात गेलं.

क्लाऊडवर जायचं कारणही भाऊंचंच. संस्थेचा सर्व्हर पूर्वीच्या स्टेशनरीच्या खोलीत. दसऱ्याला त्याला कुंकू आणि झेंडूची माळ. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडून गेलेला असताना, खोलीतला एसी बसला. भाऊंनी घरून कूलर आणून लावला. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर घरातल्या कर्त्या माणसासारखाच, पण तो ओली हवा मारतो आणि सर्व्हरला ती सोसत नाही. तिसऱ्या दिवशी सर्व्हरने डोळे पांढरे केले. कसाबसा वाचला, पण संचालक मंडळाने धसका घेतला आणि ठराव केला: सर्व संगणक प्रणाली व माहिती क्लाऊडवर नेण्यात यावी. ठराव एका ओळीचा, सर्वानुमते मंजूर, त्यानंतर आलुबोंडे. नियोजन भाऊंकडे दिलं, कारण त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि तेवढ्यात ते काही बिघडवू शकणार नाहीत असा सर्वांचा अंदाज होता.

पहिल्या बैठकीत पोराने भिंतीवर रंगीत ढग दाखवला. भाऊंनी हात वर केला. "थो ढग हाये कुठी?"

"म्हणजे तसा तो सगळीकडेच असतो…"

"तसं देवाचं सांगतेत. पत्ता सांग."

पोराने पत्ता सांगितला. मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात तीन ठिकाणी डेटा सेंटरं उघडली: पुणे, मुंबई, चेन्नई. ॲमेझॉन 2016 ला मुंबईत आलं, गुगल त्याच्या पुढच्या वर्षी, तेही मुंबईतच. भाऊ शांतपणे लिहून घेत होते. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं.

"म्हंजे ढगबी पुन्या-मुंबईलेच. दांडेकर समितीनं 1984 ले अनुशेष मोजला, त्यात ढग मोजाचा राहून गेला. पारसची वीज इथली, उकाडा इथला, अन् डेटा ठंड्या खोलीत तिकडं." मग उजव्या रकान्यात नोंद केली: 'मुंबई बुडाली तर?' पोरगा म्हणाला, दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवता येते. भाऊंनी त्याच्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

मग सहा वाटा निघाल्या. ॲप्लिकेशन क्लाऊडवर कसं न्यायचं याच्या 2010 साली गार्टनरने पाच वाटा सांगितल्या होत्या, पुढे ॲमेझॉनवाल्यांनी त्या सहा केल्या. पोरगा इंग्रजीत सांगत होता आणि आमचे शाखाधिकारी माना डोलवत होते, म्हणजे कोणालाच कळत नव्हतं. भाऊ उठले.

"घर बदलतो ना आपन, तसंच हाये. पलंग जसाचा तसा उचलून न्याचा, एक. कपाट दारातून निंगत नाही, तं पल्ले काढून न्याचं, दोन. चूल सोडाची अन् तथी गॅस घ्याचा, तीन. देवघर नव्या भितीच्या मापानं नव्यानं बनवाचं, चार. जातं जड हाये, थे इथीच राहू द्याचं, पाच. अन् मोडकी सायकल भंगारवाल्याले, सहा."

पोराने लॅपटॉप बंद केला. त्या तक्त्याला आमच्याकडे अजूनही 'पलंग-कपाट' म्हणतात. तक्त्यातला सहावा शब्द होता 'रिटायर'. भाऊंनी त्यावर बोट ठेवलं. "हा रकाना माह्यासाठी ठेवला का बाप्पा?" सगळे हसले. भाऊ नेहमीप्रमाणे हसले नाहीत.

खरी मौज यादीत होती. मुख्य कार्यालयाच्या मते संस्थेत नऊ सॉफ्टवेअर होती. भाऊंनी शाखाशाखांत फिरून एकतीस काढली. कोणाचं भत्त्याचं एक्सेल, कोणाचं लॉकरचं, कोणाचं फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं व्याजाचं, जे लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून किराणा दुकानात बसला होता. अकोल्याच्या शाखेत तर टेबलाखाली, वाती वळायच्या कापसाच्या पिशवीमागे एक संगणक चालू सापडला. पंख्याचा घर्र आवाज, वर धुळीचा थर, आत विंडोज एक्सपी, ज्याला मायक्रोसॉफ्टने 2014 च्या एप्रिलमध्येच वाऱ्यावर सोडलं होतं. हा कशासाठी आहे? शाखाधिकाऱ्यांना माहीत नाही. कॅशियर म्हणाला, मी आलो तेव्हापासून आहे. शिपाई म्हणाला, पाय ठेवाले बरा पडते.

पोरगा म्हणाला, "एखादं टूल लावून बघू, कोण कोणाशी बोलतंय ते."

"टूल कायले? हे पाय." भाऊंनी बसकण मारली, वाकले आणि वायर काढली.

शाखेत शांतता पसरली. भाऊंनी घड्याळ पाहून लाँगबुकात लिहिलं: 11 वाजून 10 मिनिटे. मग चहा मागवला. "आता फक्त कोन बोंबलते थे पायाचं. ज्याच्या वायरीनं कोनीच बोंबलत नाही, थो भंगार."

बारा वाजले, कोणी बोंबललं नाही. पोराच्या चेहऱ्यावर भंगार हा शब्द उमटू लागला. भाऊ म्हणाले, "थांब, जेवनाची सुट्टी होऊ दे." दोन वाजून वीस मिनिटांनी काउंटरवर एक म्हातारी बाई पोत गहाण ठेवायला आली. कॅशियरने बटन दाबलं, पावती निघेना. पुन्हा दाबलं. मग त्याने जी हाक मारली ती थेट रस्त्यापर्यंत गेली. सोनेतारणाच्या पावतीचा नंबर त्या टेबलाखालच्या यंत्रातून येत होता. भाऊंनी वायर लावली, पावती निघाली, बाईंना नमस्कार केला आणि लाँगबुकात लिहिलं: 'बत्तीसावे. जिवंत.'

पोरगा रात्री मला म्हणाला की मोठमोठ्या कंपन्याही हाच प्रयोग करतात, त्याला इंग्रजीत किंकाळीची चाचणी म्हणतात. मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "पाय, त्याईनबी शेवटी वायरच काढली."

मग आला राम. जुन्या नोंदी मराठीत होत्या, पण युनिकोडमध्ये नाही, कृतिदेव फॉन्टात. त्या फॉन्टात पडद्यावर 'राम' दिसतो, आत मात्र 'जे', 'के', 'ई' ही इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट सुटला की राम सुटला. नमुन्यादाखल दोनशे खातेदार नव्या जागी नेले तर दोनशेही जण अनोळखी भाषेत उभे. पोरगा म्हणाला, कन्व्हर्टर आहे. कन्व्हर्टरने बहुतेकांना माणसांत आणलं, पण जोडाक्षरं आणि रफार मध्येच कुठेतरी सांडले. भाऊंनी निवृत्त शिक्षिका असलेल्या आपल्या वहिनींना बसवून नावं वाचून घेतली. तेव्हा कळलं की एकच खातेदार पाच शाखांत पाच तऱ्हेने लिहिलेला आहे आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांना जामीन दिलेला आहे. "घर बदलतानीच समजते," भाऊ म्हणाले, "आपल्याजवळ पोळपाट चार हायेत अन् लाटनं एकबी नाही."

सामान निघायला तयार झालं तेव्हा ते दोन टेराबाइट भरलं. आमच्या लाइनचा चढता वेग सेकंदाला 20 मेगाबिट. भाऊंनी पोराकडून हिशेब समजून घेतला आणि लाँगबुकाच्या मागच्या पानावर भागाकार मांडला: सव्वानऊ दिवस, तेही लाइन एकदाही पडली नाही तर. "म्हंजे अंबादेवीत घट बसले की सुरू कराचं अन् सोनं लुटाच्या टायमाले संपन. त्यापेक्षा अंबा एक्सप्रेसनं डिस्क घेऊन गेलो तं रातीतून मुंबई."

आम्ही ते हसण्यावारी नेणार, तोच पोराने सांगितलं की ॲमेझॉन स्वतःच डेटा भरून न्यायला पेटी पाठवायचं. 2016 मध्ये तर त्यांनी अख्खा ट्रक जाहीर केला होता.

"ट्रक?" भाऊंचा चेहरा उजळला. सरकीपासून तुरीपर्यंत सगळं ट्रकवर चढताना पाहिलेला तो माणूस. "म्हंजे ढगालेबी शेवटी ट्रकच लागते राजा!" त्या दिवसापासून क्लाऊडबद्दलचा त्यांचा परकेपणा गेला. डिस्क कुलूपबंद करून माझ्याजवळ दिली, तिचा पासवर्ड पाकिटात घालून भाऊंनी स्वतःजवळ ठेवला, आणि दोघांची तिकिटं वेगवेगळ्या डब्यांत काढली. रात्रभर मी डिस्क उशाशी घेऊन जागा. भाऊ दुसऱ्या डब्यात घोरत होते, असं त्यांच्या डब्यातल्या लोकांनी सकाळी सांगितलं. रोजची नवी भर तेवढी मग लाइनवरून गेली.

दरम्यान अध्यक्षसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी भाऊंना बोलावून सुनावलं, "लोणी ते माना, आपल्याच हायवेवर, 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत झाला. गिनीज बुकात गेला. आणि तुमचं सात महिने नियोजनच?"

भाऊ नम्रपणे म्हणाले, "साहेब, 105 तास डांबराले लागले. त्याच्या आधी त्या रस्त्यानं आपली कंबर किती वर्सं मोडली, थेबी मोजा ना. आपन सद्या खडीवर हाओत." अध्यक्षांना त्या रस्त्यावरचे आपले मणके आठवले असावेत. ते गप्प बसले. तेव्हा भाऊंनी मवाळ होऊन भर घातली, "ढगाजवळ निरोप देनारा पयला मानूस विदर्भातलाच ना साहेब? रामटेकचा यक्ष. त्यानं आधी अर्ध्या काव्यात ढगाले रस्ता समजावला, कुठी थांबाचं, कुठी पानी प्याचं. निरोप मांगून देल्ला."

शेवटी तारीख ठरली. पोराला सगळं एका रात्रीत हलवायचं होतं. भाऊंनी साफ नकार दिला. मार्चएंड नाही, खरिपाच्या कर्जाची गर्दी नाही आणि एकदम तर नाहीच. "पयल्या पावसाले पेरते थो दुबार पेरते. कृषी विद्यापीठ दरसाल सांगते, 75 ते 100 मिलिमीटर होऊ द्या, मंग पेरा. आधी हजेरी अन् भत्ते न्या. मंग लहान शाखा. ठेवी सगळ्याच्या मांगून. अन् जुना सर्व्हर तीन महिने चालू राहीन. बी घरात पाहिजे."

ते बी कामी आलं. दुसऱ्या लहान शाखेला व्याजाचे आकडे अकरा पैशांनी चुकले, तेव्हा एका दुपारीत माघारी येऊन, दुरुस्ती करून पुन्हा गेलो. काउंटरवर कोणाला कळलंही नाही. ज्या दिवशी शेवटचं सोनेतारण गेलं, त्या दिवशी भाऊंनी जुन्या सर्व्हरला हळद-कुंकू वाहिलं आणि अकोल्याच्या टेबलाखालचा एक्सपी स्वतःच्या हाताने बंद केला. शिपायाला पाय ठेवायला स्टूल दिलं.

निवृत्तीला पंधरा दिवस असताना भाऊंनी एकदम आठवड्याची रजा टाकली, जी तीस वर्षांत कधी टाकली नव्हती. जाताना मला लाँगबुक दिलं. "माहा फोन बंद राहीन. मले कोन इचारते, कायच्यासाठी, किती वाजता, थे लिहून ठेव."

"भाऊ, गावाला चालले का?"

"नाही रे. घरीच हाओ. वायर काढून पाहून रायलो."

मी लिहीत गेलो. पहिल्या तासात तीन. मोर्शीच्या मृत खातेदाराचे वारस कोण, हे फक्त भाऊंना माहीत. अमुक ठेवीवर खुणेची जी फुली आहे तिचा अर्थ काय. पावसात जिन्याखालचं मीटर उडतं तेव्हा आधी कोणतं बटन. आठ दिवसांत एकवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी एकही कोणत्याही सर्व्हरवर नव्हती. भाऊ परत आले, त्यांनी यादी वाचली, आणि उरलेले दिवस शांतपणे एकेकाची उत्तरं लिहून काढली, तीन प्रतींत: एक ऑफिसला, एक अकोल्याला, एक त्या ढगात.

एकविसावी नोंद तेवढी कोरी राहिली. पुण्याच्या पोराचा फोन, गुरुवार, रात्री साडेनऊ. त्याचं काम संपून तो केव्हाच परत गेला होता. कारण विचारलं तर म्हणाला, काही नाही, भाऊ जेवले का एवढंच विचारायचं होतं.

भाऊंनी त्या नोंदीवर बराच वेळ पेन धरलं. मग उजव्या रकान्यात लिहिलं: 'जिवंत.'